मोरीच्या खिळ्यावरचा उजवा मोजा

मित्रांनो, मोजा म्हटलं की तुम्ही लगेच पायाकडं बघता. जरा वर बघा. मी हातमोजा आहे. रबरी, कोपरापर्यंत लांब, उजव्या हाताचा, एके काळी नारिंगी. आता माझा रंग विचारू नका, मला राग येतो. तसा मला कशाचाही राग येतो. हात वाचवणं हे ज्याचं काम, त्याच्यादेखत एक सोन्यासारखा हात वाया गेला, तर त्यानं काय साखर पेरत बोलायचं? माझी कहाणी ऐकायची असेल तर माझा तोंडाळपणा सोसायची तयारी ठेवा.

माझा जन्म कारखान्यात झाला. चिनी मातीचे पांढरे हात तिथं साखळीला उलटे टांगलेले असतात. ते रबराच्या चिकात बुडतात, वर येतात, भट्टीतून जातात, आणि मग त्यांच्या अंगावरून आम्हाला सोलून काढतात. जन्मताच सोलून निघणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कळायचं नाही. माझा डावा जोडीदार माझ्याबरोबरच जन्मला. एकाच पिशवीत आम्ही दोघं सोलापुरात आलो, ते थेट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सिद्धलिंगअण्णांच्या रंगखान्यात. टॉवेल-चादरीचं सूत तिथं रंगवून निघतं.

तिथं आम्हाला बिरदेव नावाच्या रंगाऱ्यानं हातात चढवलं. ते दिवस कामाचे होते आणि मानाचेही होते. उकळत्या लाल रंगात बुडायचं, सुताची लडी वर काढायची, पिळायची, पुन्हा जांभळ्यात बुडायचं. वाफेनं जीव कासावीस व्हायचा, पण बिरदेवाच्या हाताला आम्ही थेंब लागू दिला नाही. त्याच्या लग्नात हळदीला बायका त्याचे हात बघायला गोळा झाल्या. एक जण म्हणाली, "रंगाऱ्याचा हात आन् असला पांढरा? खरंच रंगखान्यात जातोय, का कुटं हिंडतोय?" बिरदेव हसला. "जातोय की! माझं मोजं लई गुणाचं हायत." हे त्यानं दुसऱ्या दिवशी कामावर सगळ्यांना सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. मित्रांनो, सगळ्या आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच.

पुढं एकदा सूत पिळायच्या मशीनमध्ये डावा अडकला. बिरदेवानं हात वेळेवर काढून घेतला, पण डावा आतच राहिला आणि त्याच्या चिंध्या झाल्या. नवी जोडी आली. एकट्या उजव्याला कोण विचारतो? अण्णा म्हणाले, "टाकू नको रे, घरी मोरी धुवायला होईल की." झालं. रंगखान्यातला गुणाचा मोजा अण्णांच्या घरी मोरीतल्या खिळ्यावर जाऊन बसला. एका बाजूला खराटा, दुसऱ्या बाजूला अ‍ॅसिडची बाटली, आणि मधे मी. मोरीचं दार नीट लागायचं नाही, त्यामुळं दिवाणखाना मात्र मला पूर्ण दिसायचा. म्हणून तर पुढचं सगळं सांगू शकतो.

रंगखान्याचं काम थंडावलं तेव्हा अण्णांनी घरी वास्तूवाला आणला. त्यानं घरभर फिरून सांगितलं की ईशान्येला पाणी पाहिजे, आणि पाण्यात जीव पाहिजे. ईशान्येला देवघर होतं. मग देवघराला लागूनच एक मोठी काचेची टाकी आली. तिच्यात आठ सोनेरी मासे आणि एक काळा. खाली रंगीत खडे, एक मोठा शंख, आणि बुडबुडे सोडणारी नळी.

अण्णांची बायको म्हणजे विजयमालावैनी. घर पिढ्यान् पिढ्या शाकाहारी. घरात अंडं आलं तर वैनी फरशी दोनदा पुसून घेतील. तेव्हा देवघराशेजारी मासे ठेवायचे कसे? वैनींनी त्यावर तोड काढली. त्यांनी सगळ्यांना बजावलं, "ह्यांना मासे म्हणायचं नाही हं कुणी. ह्या लक्ष्म्या आहेत." पाहुण्याचं पोर आलं आणि "मासा, मासा!" करून नाचलं तर वैनी त्याच्या आईकडं अशा बघायच्या की ती माउली पोराला घेऊन गॅलरीत जायची. हळूहळू त्या घरातून तो शब्दच हद्दपार झाला. टाकीला "लक्ष्मीची पेटी", पाण्याला "लक्ष्मीचं पाणी". नाव बदललं की वस्तू बदलते अशी माणसांची समजूत असते. मला मोरीत टांगल्यावर मी काय खराटा झालो होतो?

आणि त्या लक्ष्म्या मरायच्या, बरं का. आधी एकीचं पोट खपाटीला गेलं आणि पाठ वाकडी झाली. मग दुसरीच्या अंगावर फोड आले, खवले झडले. वैनी हात जोडून म्हणायच्या, "घरावरचं संकट अंगावर घेऊन गेली बघा!" मेलेलीला हळदकुंकू लागायचं, जास्वंदीच्या बुंध्याशी पुरायचं, आणि संध्याकाळी अण्णा नवी आणून त्याच पाण्यात सोडायचे. संकट कसलं डोंबलाचं! आजारी होत्या त्या. पण एक जण मेली की घरात सुतक नाही, उलट पेढे. त्यामुळं त्या पाण्यात काहीतरी बिघडलंय हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

आता काशम्माबद्दल सांगतो. तिच्यासाठीच तर हे सगळं सांगतोय.

काशम्मा मूळची दुधनीची. नवरा गेल्यावर लेकीला, सृष्टीला, घेऊन सोलापुरात आली आणि शेळगीत एका खोलीत राहिली. पहाटे उठून ज्वारीच्या कडक भाकऱ्या करायची. तुम्ही खाल्ल्या असतील, शेंगाचटणीबरोबर, मोडली की कटकन आवाज येतो. ती भाकरी पातळ थापणं सोपं नसतं. काशम्माची उजव्या हाताची बोटं परातीत फिरायला लागली की भाकरी आपली आपण गोल होत कडेपर्यंत जायची, कुठं जाड नाही, कुठं चीर नाही. एसटी स्टँडजवळचा दुकानदार तिच्याच भाकऱ्या मागून घ्यायचा. सृष्टी बारावीत होती, तिला पुढं नर्सिंगला जायचं होतं, आणि तिचं सगळं शिक्षण आईच्या ह्या उजव्या हातावर चाललं होतं. भाकऱ्या झाल्या की काशम्मा वैनींकडं यायची. भांडी, फरशी, आणि दर शुक्रवारी लक्ष्मीचं पाणी.

पाणी बदलायचं म्हणजे हात कोपरापर्यंत आत घालायचा, काचेवरचा बुळबुळीत थर घासायचा, खडे हलवायचे, शंख उचलून धुवायचा. थंडीच्या दिवसात काशम्माच्या बोटांना भेगा पडलेल्या, त्यात तव्याचे चटके. एका शुक्रवारी तिनं मोरीत डोकावून माझ्याकडं बोट दाखवलं.

"वैनी, हात लई झोंबालाय पाण्यात. त्यो मोजा घालू काय?"

माझा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, आलं, आपलं काम आलं! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी मला हातात घ्यायचं म्हणतंय.

"अगं बाई!" वैनी ओरडल्या. "मोरीतला मोजा देवाच्या पाण्यात? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग नवा आनू काय दुसरा?"

"रबर ते रबरच. कुठल्या कुठल्या हातातून आलेलं. आंघोळ करून आलीस ना? मग हात शुद्धच आहे की. लक्ष्मीला माणसाचा हात लागला पाहिजे."

आपण पगारी बाई आणि समोर देव, त्यात वाद कोण घालणार? काशम्माही नाही. तिनं पदर खोचला आणि तो भेगाळलेला हात पाण्यात घातला. मी खिळ्यावर लोंबकळत राहिलो. मला साबणानं धुवून घेतलं असतं, उन्हात टाकलं असतं, तर काय बिघडलं असतं? बाजारात नवा मोजा मिळत नव्हता का? पण नाही. जो हात फाटलेला तो शुद्ध, आणि जो मोजा धड तो अशुद्ध. वा रे सोवळं!

त्याच थंडीत शंख धुताना त्याची धारदार कड काशम्माच्या उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला लागली. थोडं रक्त आलं. तिनं बोट तोंडात घातलं, हळद लावली, आणि काम उरकलं. जखम बुजलीसुद्धा. आणि मग, सगळे विसरून गेल्यावर, काही आठवड्यांनी त्याच पेरावर हरभऱ्याएवढी लाल गाठ आली.

दुखत नव्हती, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. शेजारणी म्हणाल्या, चामखीळ आहे, केस बांध. कुणी म्हणालं चुना लाव. गाठ जांभळी झाली, फुटली, वाहायला लागली. मग दुसरी गाठ हाताच्या पाठीवर आली. मग मनगटावर. एकामागं एक, रांगेनं, वर वर चढत.

वैनींनी एकदा तो हात पाहिला आणि चार पावलं मागं सरल्या. "त्या हातानं माझ्या भांड्यांना शिवू नकोस बाई. तो मोजा घाल आधी. आणि परत मोरीत टांगू नको, तुझ्याबरोबर ने, तुझ्याबरोबर आण."

घ्या! चांगल्या हाताला मी विटाळ होतो, नासल्या हाताला मात्र सोवळा झालो. माझ्या आत तिचं बोट आलं तेव्हा ते गरम होतं आणि सुजून टम्म झालं होतं. ज्या हातासाठी मी तडफडत होतो तो हात मला मिळाला, पण असा मिळाला. त्या दिवसापासून मी काशम्माच्या कापडी पिशवीत राहू लागलो, आणि तिच्याबरोबर दवाखान्यातही गेलो.

पहिला डॉक्टर घराजवळचा. मी सगळ्यांवर चिडतो, पण त्याच्यावर चिडायला मला जागा नाही. त्यानं बरोबर प्रश्न विचारला होता. गाठींची रांग बघून तो म्हणाला, "मावशी, मासे-बिसे साफ करायचं काम आहे का तुमचं? कोळंबी, खेकडे?"

काशम्मानं दोन्ही कान धरले. "शिव शिव! काय बोलालाव डॉक्टर? आमी लिंगवंत माणसं. आमच्यात मासं येत न्हाय. जलमात कदी शिवली न्हाय मी."

मित्रांनो, ती खोटं बोलली नाही हे ध्यानात घ्या. तिच्या लेखी मासा म्हणजे ताटातला. पेटीतल्या त्या लक्ष्म्या. कामाच्या घरात तो शब्द तोंडातून काढायची बंदी, आणि स्वतःच्या घरात तो कधी निघालाच नव्हता. मी पिशवीत ओरडत होतो, अगं काशम्मा, सांग की पाण्याचं! पण रबराचं ओरडणं कोण ऐकतो? डॉक्टरनं मान हलवली, अ‍ॅलर्जी असेल म्हणाला, सूज उतरायचं मलम दिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

मलमानं पहिले काही दिवस लाली कमी झाली. काशम्मा खूश. मग एकदम सगळं उसळलं. बोट मिटेना. भाकरी थापताना ती ओठ दाताखाली धरायची. सृष्टी रडकुंडीला आली. "आई, आता सरकारी दवाखान्यात चल, न्हाईतर मी कॉलेजला जात न्हाय बग." तेव्हा कुठं काशम्मा मोठ्या दवाखान्यात गेली.

तिथं कातडीच्या विभागात उत्कर्षा नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आणि मग मासे खाता का, गुरं आहेत का असलं काही न विचारता म्हणाल्या, "सकाळी उठल्यापासून तुमचा हात कशाकशाला लागतो ते सांगा. काही सोडू नका."

काशम्मा सांगायला लागली. पीठ, परात, तवा, भांड्याचं साबण, फरशीचं फडकं. "आन् शुक्रवारी लक्ष्मीचं पानी बदलती."

"लक्ष्मीचं पाणी म्हणजे? कलशातलं?"

"न्हाय वो. काचंच्या पेटीतलं. त्येच्यात लक्ष्म्या पवत्यात की."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "पोहतात? काशम्मा, मासे आहेत का ते?"

काशम्मानं आधी दाराकडं बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "वैनी तसं म्हनू देत न्हाईत."

मग बाईंनी समजावून सांगितलं. पाळलेल्या माशांच्या पाण्यात एक जंतू असू शकतो. क्षयाच्या जंतूच्या भावकीतला, पण त्याच्यापेक्षा वेगळा. आजारी माशांच्या अंगावर, खड्यांवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात तो राहतो. धड कातडीतून सहसा आत येत नाही, पण भेग किंवा जखम मिळाली की शिरतो, आणि कित्येक आठवड्यांनी गाठ होऊन वर येतो. माणसापासून माणसाला लागत नाही. साध्या गोळ्यांना जुमानत नाही, खास औषधं महिनोन् महिने घ्यावी लागतात. आणि सूज उतरायच्या त्या मलमानं त्याला मोकळं रान मिळालं होतं.

"लवकर कळलं असतं तर गोळ्यांवर भागलं असतं," बाई म्हणाल्या. "आता बोट वळवणारी आतली दोरी असते ना, तिच्यापर्यंत गेलंय. ऑपरेशन करून साफ करावं लागेल."

काशम्मानं एकच विचारलं, "भाकरी थापाया येतीया न्हवं?"

बाईंनी तिचं बोट धरून हळूच वळवून बघितलं. मग म्हणाल्या, "बोट किती वळेल ते आत्ता सांगता येणार नाही."

तपासणीत तोच जंतू निघाला. काशम्मा भोळी. तिला वाटलं, वैनींना सांगितलं पाहिजे, त्यांचाही हात कधीमधी त्या पाण्यात जातो. ती मुद्दाम घरी गेली. मी पिशवीत होतोच.

तिनं सगळं सांगितलं. वैनींनी त्यातला एकच शब्द ऐकला.

"क्षय? टीबी? अगं, टीबी घेऊन माझ्या घरात वावरत होतीस?"

"टीबी न्हवं वैनी. त्या जातीचा जंतू हाय, पानी लागून हुतोय. पेटीतलं पानी. डॉक्टरीनबाई म्हनल्या..."

"माझ्या लक्ष्मीच्या पाण्यातून रोग? स्वतःच्या घरातून रोग आणलास आणि देवावर ढकलतेस? जीभ झडेल काशम्मा!"

अण्णा सोफ्यावर होते. ते म्हणाले, "अगं, पाणी तपासून तरी..."

"तुम्ही गप बसा की!"

आणि अण्णा गप बसले. रंगखान्यात चाळीस माणसांना मोजे घालायला लावणारा माणूस, घरात एक शब्द पुरा करू शकला नाही. वैनींनी काशम्माला उंबऱ्यातूनच परत पाठवलं आणि वरून म्हणाल्या, "तो मोजा पण तुझ्याकडंच ठेव. त्या हाताचा आहे." नंतर म्हणे घरात शांत केली, भटजी आणला, घरभर गोमूत्र शिंपडलं. टाकीचं पाणी मात्र तेच राहिलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय?

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण वैनींनी गल्लीत सांगितलं, गल्लीनं पेठेत सांगितलं, आणि स्टँडवरच्या दुकानदाराच्या कानावर गेलं. "तुमच्या घरात टीबी हाय म्हनं. गिऱ्हाईक कुरकुर करतंय, मावशी." काशम्माच्या हाताला त्या वेळी बँडेज होतं, भाकऱ्या सृष्टी थापत होती. त्याही त्यानं घेतल्या नाहीत. सृष्टीनं डॉक्टरांचा कागद नेऊन दाखवला. त्यानं तो वाचलासुद्धा नाही. परीक्षा तोंडावर असताना पोरीनं कॉलेज सोडलं आणि एमआयडीसीत टॉवेलच्या घड्या घालायला जाऊ लागली. ज्या पोरीला नर्स व्हायचं होतं, ती दिवसभर उभं राहून टॉवेल घडी करते. ह्याचा मला इतका संताप येतो की माझं रबर चिकट व्हायला लागतं.

ऑपरेशन झालं. गोळ्या सुरू झाल्या. त्यानं लघवी लालभडक व्हायची, तोंडाची चव जायची, पोटात मळमळायचं, पण काशम्मानं एक गोळी चुकवली नाही. गाठी बसल्या. जखमा भरल्या. जंतू गेला. बाई म्हणाल्या, "बऱ्या झालात." आणि खरंच ती बरी झाली, कागदावर.

गोळ्या संपल्या त्या दिवशी तिनं परात पुढं ओढली. पीठ मळलं. गोळा करून थापायला घेतला. चार बोटं फिरली, आणि अंगठ्याजवळचं ते ताठ बोट भाकरीत रुतलं. भाकरी फाटली. तिनं पुन्हा गोळा केला. पुन्हा फाटली. डाव्या हातानं करून बघितलं, ती एका बाजूला जाड झाली. सृष्टी म्हणाली, "आई, हुईल हळूहळू." काशम्मा म्हणाली, "व्हय की." मग तिनं पीठ परातीत गोळा करून त्यावर ताट झाकलं आणि परात भिंतीशी सरकवली.

त्यानंतर एका दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली. विजयमालावैनी उतरल्या. उजवा हात पदराखाली. मी दाराच्या मागं खुंटीला होतो. मला तो पदर बघूनच कळलं. काशम्मालाही कळलं असावं, कारण ती "या वैनी" म्हणाली आणि तिची नजर पदरावरून हलली नाही.

सृष्टीची सुट्टी होती. ती उठलीसुद्धा नाही.

वैनींनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं. नवीन बाई टिकत नाही, पेटीचं काम स्वतःच करावं लागतं, असं काहीबाही. मग पदर बाजूला केला. अंगठ्यावर एक जांभळी गाठ, मनगटावर दुसरी.

"काशम्मा, तुझी ती डॉक्टरीण कुठं बसते गं?"

"आई, सांगू नगंस!" सृष्टी ताडकन उभी राहिली. "आदी ह्यांनी गल्लीत जाऊन सांगू दे, माझ्या आईला टीबी न्हवता म्हनून. त्या दुकानदाराला सांगू दे. मग सांग."

"सांगते की गं," वैनी म्हणाल्या. "सांगते. आधी हाताचं बघू दे. आणि तुम्हीही बाहेर कुठं बोलू नका, एवढंच."

मला वाटलं आता काशम्मा हिला चांगली खडसावेल. मी वाट बघत होतो. माझ्याकडं तोंड असतं तर मी वैनींना असं धुतलं असतं की रंगखान्यातलं सूतसुद्धा इतकं पिळलं जात नाही. पण काशम्मानं वैनींचा हात आपल्या हातात घेतला आणि गाठ दाबून बघितली.

"कसलं मलम लावू नका. सरकारी दवाखान्यात कातडीच्या विभागात जावा, उत्कर्षा डॉक्टर म्हनून इचारा. अजून बोट वळतंय तुमचं, लवकर जावा. आन् गेल्या गेल्या सांगा, घरात मासं हायत म्हनून."

वैनींनी हात मागं ओढून घेतला.

"म्हना की."

"काय म्हणू?"

"मासं. हितं एकदा म्हनून बगा. तितं तोंडातनं निगालं पायजे."

वैनींनी दाराबाहेर बघितलं. समोरच्या ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या, रिक्षावाला टेकून उभा होता. वैनींचे ओठ हलले. मी सगळं रबर कान करून ऐकत होतो. आवाज आला नाही. मग त्यांनी पदर पुन्हा हातावर ओढला.

"लक्ष्मीचं पाणी लागलं म्हणून सांगते की. त्यांना कळेल."

"न्हाई कळत, वैनी!" काशम्मा पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. ती दारापर्यंत त्यांच्यामागं गेली. "तसं म्हनून कुनालाच कळत न्हाय! माझं बोट तसंच गेलं!"

रिक्षा सुरू झाली होती. पुढंही आपल्या गल्लीत त्या कुणाशी काही बोलल्या नाहीत, ना टीबीबद्दल, ना कशाबद्दल. सृष्टी दुसऱ्या दिवशी घड्या घालायला गेली.

मित्रांनो, मासे पाळू नका असं मी म्हणत नाही. पाळा. त्यांची पूजा करा, त्यांना लक्ष्मी म्हणा, सरस्वती म्हणा, माझी ना नाही. पण हाताला भेग असेल, कापलं असेल, तर तो हात त्या पाण्यात घालू नका, आणि दुसऱ्याला घालायला लावू नका. मोजा घाला. नंतर साबणानं हात धुवा. मासा आजारी दिसला तर त्याला संकट समजून पुरू नका, पाण्याची काळजी करा. आणि हाताला न बसणारी गाठ आली तर डॉक्टरांसमोर लाज, सोवळं, मोठेपणा बाहेर चपलेशेजारी ठेवा आणि स्पष्ट म्हणा, आमच्या घरात मासे आहेत. एवढा एक शब्द वेळेवर निघाला असता तर मला आज एवढी बडबड करावी लागली नसती.

मी अजून धड आहे. एक भोक नाही मला, पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही. काशम्मा आता चार घरची भांडी घासते, आणि रोज न चुकता मला घालते. माझी चार बोटं वळतात. एक ताठ उभं राहतं.